मंडळावरची रिकामी जागा

"म्हणजे चोरालाच पंचांत बसवा म्हणताय की तुम्ही," कॉफीत साखर ढवळत बेटावरच्या बाई म्हणाल्या.

राजदूतांना या प्रश्नाची सवय झाली होती. उत्तर त्यांनी आरशासमोर उभं राहून घोटून ठेवलं होतं. "बाहेर ठेवला म्हणून चोर चोरी सोडतो का, बाई? पंचांत बसला की निदान लाजेकाजेस्तव हात आखडता घेतो."

"आणि पंचांचेच खिसे कापले तर?"

"तर पंचांनी खिसे सांभाळावेत."

बाई खळखळून हसल्या. त्या एका चिमुकल्या बेटाच्या प्रतिनिधी होत्या. बेट मुठीएवढं, पण मत अख्खं. "जा, दिलं तुम्हाला. तसंही माझ्या एकटीच्या मतानं काय आभाळ कोसळणार आहे?"

आंतरराष्ट्रीय मानवाधिकार मंडळावर एक जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी दोन देश उभे होते. एक राजदूतांचा. दुसराही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण त्याच्या तुरुंगांना निदान खिडक्या होत्या. राजदूतांच्या देशात तुरुंग कुठे आहेत असं कुणी विचारलं, तर ते थेट आतून दाखवायची सोय होती.

त्यांच्या भाच्याला ती सोय मिळाली होती. भाचा शाळामास्तर. आपल्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांना कुठे नेलंय, एवढंच तो चौकीवर विचारायला गेला आणि घरी परतलाच नाही. त्याची आई, म्हणजे राजदूतांची धाकटी बहीण, सीमेपलीकडे लेकीकडे जाऊन राहिली होती. तिथून तिनं मंडळाकडे तक्रार धाडली होती. आता ती तक्रार सुनावणीला येणार होती.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, तुम्ही लोक निवडून आलात तर पोराची तक्रार कुणापुढे जाईल रे?"

"मंडळापुढे."

"म्हणजे ज्यांनी उचललं, त्यांच्याचपुढे."

"तसं नसतं गं ते. बाकीचेही सदस्य असतात."

"आणि तुमचा माणूस तिथे काय माशा मारत बसणार? पहिल्याच दिवशी गळा दाबेल तक्रारीचा. आणि मग पोराचा."

"गोळ्या घेतेस ना वेळेवर?" राजदूतांनी विचारलं. त्यांचा फोन त्यांच्याखेरीज आणखी कोण कोण ऐकतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"तुझ्या खांद्यावर बसून मोठा झालाय तो, दादा."

"थंडी फार आहे का तिकडे?"

तिनं फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी राजदूतांनी प्रचाराचा जोर वाढवला. या मजल्यावरून त्या मजल्यावर, या दालनातून त्या दालनात. चोर, पंच, लाज, सगळं तेच. इतक्यांदा सांगितलं की मधूनमधून त्यांना स्वतःलाही ते पटू लागलं. कदाचित खरंच असेल. वर्गातल्या वांड पोराला मॉनिटर केलं की कधी कधी सुधारतं. कधी कधी मात्र बाकीच्या पोरांची हाडं मोडतं, हे ते कुणाला सांगत नसत.

सगळ्यांनी हो म्हटलं. तोंडावर नाही म्हणायची त्या इमारतीत पद्धतच नव्हती.

मतदानाच्या सकाळी खुद्द मंत्री विमानातून उतरले. उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "सगळे हो म्हणतायत?"

"सगळे, साहेब."

"शाबास. जिंकलो तर तुम्ही इथेच राहा मजेत. हरलो, तर परतीच्या विमानात माझ्या शेजारची सीट तुमची." मंत्र्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी पोचलो की निवांत बोलू."

सभागृहात एका कोपऱ्यात जाड निळा पडदा लावला होता. देशाचं नाव पुकारलं की त्याच्या राजदूतानं एकट्यानं पडद्यामागे जायचं, पसंतीच्या देशाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. उमेदवार देशांनाही मत होतं. मंत्र्यांना मात्र पाहुण्यांच्या रांगेत बसवलं होतं आणि त्यांना पडदा अजिबात आवडला नव्हता.

"हे कशाला?"

"मत गुप्त राहावं म्हणून, साहेब. कुणी कुणाला दिलं ते कधीच कळत नाही."

"आपल्याकडे कुठे असतो पडदा? तरी निकाल कसा आदल्या दिवशीच लागतो."

नाव पुकारलं गेलं. राजदूत उठले, कोटाचं बटण लावलं आणि पडद्यामागे गेले. आत एक टेबल, एक पेन आणि पेटी. बाहेर मंत्री टक लावून बसले असणार, हे त्यांना न बघता दिसत होतं. बहिणीचा आवाजही कानात होताच. त्यांनी फार वेळ लावला नाही. बाहेर आले तेव्हा मंत्र्यांनी अंगठा उंचावला, आणि राजदूतांनीही.

बेटावरच्या बाईही पडद्यामागे जाऊन आल्या. जाता जाता त्यांनी राजदूतांना डोळा मारला.

मोजणीला वेळ लागला नाही. अध्यक्षांनी कागद हातात घेतला, एकदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग त्यांनी प्रतिस्पर्धी देशाचं नाव घेतलं. त्याला सगळीच्या सगळी मतं. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच अडखळल्या, कारण नियमाप्रमाणे दुसरा आकडाही वाचणं भाग होतं.

"शून्य," अध्यक्ष म्हणाले.

बेटावरच्या बाई छताकडे बघू लागल्या. बाकीचेही कुणी छताकडे, कुणी बुटांकडे. प्रत्येकानं दुसऱ्यांच्या भरवशावर आपल्यापुरता सद्विवेक जपला होता.

कॅमेरे चालू होते, म्हणून मंत्र्यांनी चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही. तसेच हसत ते राजदूतांच्या कानाशी वाकले.

"बाकीच्यांचं नंतर बघू. पडद्यामागे आपल्याकडून कोण गेलं होतं?"