आप्पा, झालं म्हणा

"पुन्हा म्हण," आप्पा म्हणाले. "आन् आधी दिवा लाव."

मल्हारनं बटण दाबलं. बाहेर ऊन चांगलं वर आलं होतं, पण सणसवाडीतल्या त्या भाड्याच्या खोलीत उजेड आपणहून कधी येत नसे. मारुतराव, म्हणजे मल्हारचे आप्पा, फोर्जिंग कंपनीतली रात्रपाळी उरकून आले होते. मल्हारला दुपारपाळी गाठायची होती. बापलेकांची भेट व्हायची ती या दोन पाळ्यांच्या फटीत, आणि तेव्हा दोघंही शिणलेले असायचे.

मल्हारनं बीट लावली. आप्पांनी नेहमीसारखा स्पीकरवर तळवा ठेवला आणि पाढे ऐकणाऱ्या मास्तरासारखी पोरावर नजर रोखली.

"पाळ्या तीन, झोप अर्धी,
अंगावर कळकट वर्दी,
हॅमर पडतो, भुई हालती,
त्या ठोक्यावर चूल चालती..."

"ठोका बरा हाय," आप्पा म्हणाले. "पण शब्द गिळतूस. मधलं काय बी कळलं न्हाई."

झालं, गाणं पुन्हा पाण्यात! दोस्तांनी हे रॅप डोक्यावर घेतलं होतं, शिरूरच्या स्पर्धेत निवडही झाली होती. पण ते होतं आप्पांवर. त्यांनी 'झालं' म्हटल्याशिवाय ते पुरं झालं असं मल्हारला वाटेना. आणि आप्पांच्या तोंडून शब्द काढणं महाकठीण. सारी उमर हॅमरच्या खात्यात गेलेली, तिथं बोलणं चालायचं ते खुणांनी. घरीही तीच तऱ्हा. फोन वाजला तरी हे ढिम्म, आईनंच उठून घ्यायचा.

मल्हार पुन्हा लिहायला बसला. बसला म्हणजे काय, पॅकिंगच्या कामावर उभ्या उभ्या डोक्यातच लिहायचा. खोक्याला चिकटपट्टी ओढताना होणाऱ्या खर्रर्र आवाजावर आधी नुसतं 'त-त-धाड, त-त-धाड' पुटपुटायचा. चाल अंगात भिनली की तीत एकेक शब्द बसवायचा, जड वाटला की उपटायचा. अशा वेळी त्याला भोवतालचं भान नसे. एकदा तर लेबलं न लावताच त्यानं सगळा ढीग पुढं ढकलला आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. पण त्या बोलण्यातूनही त्याला एक यमक सापडलं.

नवा खर्डा घेऊन तो आप्पांपुढं उभा राहिला, आणि ऐन मध्यावर वीज गेली.

"ऱ्हाऊ दे. मग बघू," म्हणत आप्पा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मल्हार अंधारात तसाच म्हणत राहिला. आप्पांवर लिहिलेली सगळ्यात चांगली ओळ त्यानं त्यांच्या पाठीला ऐकवली. पाठ हलली नाही. त्याचे डोळे भरून आले.

"दमल्यात रं ते," त्याची आई सविता म्हणाली. "मनावर घेऊ नगं." तिनं आप्पांवर चादर ओढली. मल्हारकडे मात्र पाहिलं नाही.

स्पर्धा शिरूरच्या मैदानावर, सकाळच्या लख्ख उन्हात होती. आप्पा पाळीवरून थेट आले आणि वर्दीतच पहिल्या रांगेत सवितेशेजारी बसले. मल्हारनं माईक ओठांना लावला आणि सुरुवात केली. लोक डोलू लागले. आप्पांच्या कपाळावर मात्र आठी. मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आजही नाहीच, मल्हारला वाटलं.

तेवढ्यात जनरेटर धापा टाकत बंद पडला. बीट गेली, माईक गेला. पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या.

मल्हारनं माईक खाली ठेवला. आता हरायला उरलंच काय होतं? त्यानं पाय आपटत ठोका धरला आणि तोंड भरून, एका आप्पांकडे बघत, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणं म्हटलं. "आवाज! आवाज!" असा गिल्ला चालू होता. परीक्षक आपल्या मोबाईलमध्ये दंग होते. घसा फुटला तरी त्याचा शब्द समोरच्या खुर्च्यांपर्यंत पोचत नव्हता.

मान खाली घालून तो उतरला. आप्पा उभे होते. त्यांचे गाल ओले होते.

"झालं," आप्पा म्हणाले. "आज झालं बघ गाणं. शब्द न् शब्द कळला."

मल्हार भडकला. "चेष्टा करताय व्हय, आप्पा? जनरेटर बंद व्हता! आईला इचारा, कुणाला एक अक्षर तरी ऐकू आलं का?"

सविता पदराआड रडत होती. मल्हारचं बोलून होईस्तोवर आप्पांनी त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. मग स्पीकरवर ठेवायचे तोच तळवा त्यांनी पोराच्या छातीवर टेकवला.

"माझं कान तर हॅमरनं कवाच नेलं, पोरा. आज तू त्यो माईक तोंडाम्होरनं काढलास, म्हणून समदं गाणं दिसलं."