कोरी नोंद

"गुलाबभाई, तुमच्या वडिलांची रेडिओवरची सनई गुरुवारी सकाळी परत येईल," शर्वरीताई म्हणाल्या. जुनी रेडिओ प्रसारणं दूरच्या धूलिमेघावर आपटून परत येतात, हे त्यांनीच यंदा शोधलं होतं. तेव्हापासून रेडिओ दुर्बिणीच्या फाटकाशी आपल्या माणसांचे जुने आवाज ऐकायला रांग असे.

"ताई, तुमचं कुणी?"

"आई रेडिओवर बातम्या द्यायची. एकदा माइक बंद करायला विसरली आणि म्हणाली, 'शरू, ऊठ गं, घरी जाऊ.' सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं. मी तेवढी स्टुडिओतल्या बाकावर झोपले होते."

"मग ते कधी येणार?"

"गेल्या वर्षीच येऊन गेलं. दुर्बिणीची त्या दिवसाची नोंद काढून पाहिली, तर कोरी. आभाळ नीट ऐकू यावं म्हणून माणसांचे आवाज पुसणारी चाळणी मीच बनवली होती. सगळी नोकरी त्यातच गेली."