हरलेल्या सामन्यानंतर

छोट्या स्पर्धांमधून हिंडणाऱ्या एका ब्रिटिश टेनिसपटूचे सामने सुहासिनी भोपाळच्या घरी मोबाइलवर बघायची. हल्ली बाबाही शेजारी बसायचे. तेवढाच त्यांना विरंगुळा, म्हणून तिला बरं वाटायचं. त्या रविवारी तो हरला. संध्याकाळी त्याने स्वतःला आलेले घाणेरडे मेसेज इंटरनेटवर टाकले. एकात होतं, ‘तुझी आई कॅन्सरने मरो.’ वर नाव बाबांचं. सुहासिनीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. “सट्टा लावला होता, पैसा डूब गया!” बाबा चहा भुरकत म्हणाले, “त्या गोऱ्याला काय फरक पडतो?” आई कॅन्सरनेच गेली होती, याच खोलीत, बाबांच्या मांडीवर. सुहासिनीने त्या मेसेजखाली लिहिलं, ‘हे माझे वडील. मला यांची किळस येते.’ “अगं, पुसून टाक, लोक वाचतील!” बाबा हात जोडू लागले. तिने आईच्या फोटोकडे बोट दाखवलं. “तिला जोडा.”