वाचून दाखवणारी

घरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक भाची असली, की सगळ्या नातेवाइकांची मशिनं नेमकी तिच्या सुट्टीच्या दिवशी आजारी पडतात. या वेळी आत्याचा ब्राउझर सारखा बंद पडत होता.

आत्याची नजर अधू झाल्यापासून ब्राउझरला जोडलेलं एक प्लगइन तिला बातम्या वाचून दाखवायचं. बाईचा आवाज होता, संथ आणि गोड.

दुपार कलली होती. पडद्यातून पिवळसर उजेड झिरपत होता. मी सगळी प्लगइनं बंद केली आणि एकेक सुरू करत गेले. गुन्हेगार लगेच सापडला. ते वाचणारंच. थोडं वाचून झालं की बाई थांबायची, खोल श्वास आत घ्यायची, आणि त्याच क्षणी ब्राउझर बंद!

"मशीनला श्वास कशाला लागतो?" मी पुटपुटले.

"तिला बातम्यांपलीकडचं काहीतरी सांगायचंय," आत्या डोळे मिटून म्हणाली. "तुझा हा मेला ब्राउझरच तिला बोलू देत नाही."

"काहीतरीच तुझं!"

मी ते प्लगइन काढून टाकलं. ब्राउझर शहाण्यासारखा चालू राहिला. आलेच आहे तर धूळही पुसावी, म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला आणि वायर काढली.

खोली निवांत झाली. आत्यानं मात्र हसत ओठांवर बोट ठेवलं.

माझ्या कानाशी कुणीतरी खोल श्वास आत घेतला.

या वेळी बंद पडायला काहीच उरलं नव्हतं.