सुरीवाल्याचा नेम

सर्कशीतला सुरीवाला मिशीला पीळ देत बातमीदार मुलीला सांगत होता, "जोखीम घ्यायला छाती लागते, ताई. बायकांचं ते काम नाही. आमची हीच बघा ना! इतकी वर्षं फळीला पाठ लावून उभी राहतेय, माझा नेम एकदाही चुकला नाही, तरी सुरी सुटली की अजून अंग चोरते!"

तो चहा सांगायला तंबूबाहेर गेला. फळी पुसणारी त्याची बायको गालातल्या गालात हसत होती.

"काकू, खरंच एवढी भीती वाटते?"

"वाटते की! हे सुरी सोडताना डोळे गच्च मिटून घेतात. ती कुठे येतेय, ते दोघांपैकी एकानं तरी बघायला नको?"