पुसायचं बटण

कॉम्प्युटर बंद पडला आणि सहलीच्या फोटोंसाठी माझा मुलगा कासावीस झाला. घरी आलेल्या दुरुस्तीवाल्याने हार्डडिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. “फोटो शाबूत आहेत. पुसलेली एक फाइलही परत मिळाली, ‘माझी गोष्ट’. ती पुसली त्याच दिवशी कुणीतरी सिनेमे भरलेत.” मी ताडकन उठले. साठीनंतर अक्षरं शिकून, एकेक बटण शोधत मी लिहिलेली ती गोष्ट! गायब झाली तेव्हा मुलगा म्हणाला होता, “आई, तूच चुकीचं बटण दाबलंस.” तेव्हापासून मी कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. मुलगा पुटपुटला, “डिस्कवर जागा नव्हती गं.” “सिनेमांना होती!” मी दुरुस्तीवाल्याकडे वळले. “पुसायचं बटण कोणतं?” मुलगा ओरडला, “आई, फोटो आहेत त्यात!” “घाबरू नकोस. तुझं काही पुसत नाही. जे दाबल्याचं खापर माझ्या बोटावर फोडलंस, ते बटण मला बघू तरी दे.”