धडधडीच्या गोळ्या

“आज काय आणलंय, सखूबाई?” कंपाउंडरने विचारलं.

“धडधड,” सखूबाई म्हणाली आणि बाकड्यावर बसली.

नारायणगावच्या त्या दवाखान्यात तिला सगळे ओळखत. पिंपळवंडीहून एसटीने एकटी यायची, मोठ्याने बोलायची. आज मात्र ती हळू आवाजात बोलत होती. तिची चुलत सासू अशीच धडधड धडधड म्हणत विहिरीच्या काठावर बसली ती उठलीच नाही. तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, पाळी जायचं वय आहे, चालायचंच. तसं पुन्हा घरात घडू द्यायचं नाही, असं सखूबाईने मनाशी पक्कं केलं होतं.

डॉक्टरांनी आत बोलावलं.

“कधीपासून धडधडतं?”

“दोन म्हैनं झालं की. बसल्या जागी बी व्हतं. अंगातून वाफा निघत्यात, घाम फुटतो.”

“पाळी?”

“कवा येती, कवा न्हाई. पन्नाशीला टेकल्यालं वय हाये.”

“आणखी काही?”

सखूबाईने आठवून आठवून सांगितलं. “बांध चढताना दम लागतो. डावा हात जड पडतो. परवा तर जबडा धरला व्हता, दाढ दुखावी तसा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे इतके दिवस अंगावर काढलं? बायका हृदयाचं दुखणं वयावर ढकलतात आणि घरचेही मान डोलावतात. आत टेबलावर झोपा. छातीची पट्टी, ईसीजी काढू.”

सखूबाई घुटमळली. “मशीन कशापायी, डाक्टरसाहेब? मी सांगितलं की समदं. गोळ्या द्या, झालं.”

“मशीनशिवाय गोळी नाही.”

आली का पंचाईत! परक्या पुरुषापुढे चोळीची बटणं सोडायची म्हणजे जिवावरचं काम. तिची धाकटी जाऊ झुंबरबाई इथे असती, तर चपला टाकून स्टँडकडे पळाली असती. सखूबाईलाही लाज वाटली, पण रिकाम्या हाताने घरी जाण्याची भीती त्याहून मोठी होती. तिने दातात पदर धरला, डोळे मिटले आणि वायरी लावून घेतल्या.

मशीनमधून कागद सरसर बाहेर आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला. रक्तदाब घेतला. मग म्हणाले, “बाहेरचा जिना चढून या.”

सखूबाई गच्चीपर्यंत जाऊन आली.

“दम नाही लागला?”

“आज न्हाई लागला बघा.”

“हात?”

“हलका हाये.”

डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी पुन्हा एकदा पट्टी काढली. तीही तशीच आली.

“तुमचं ऐकून मी घाबरलो होतो, बाई. पुण्याला धाडायची तयारी करत होतो. पण हृदय ठणठणीत आहे. पाळी जाताना अशी धडधड होते, तीच दिसते. या साध्या गोळ्या घ्या. पुन्हा छातीत किंवा हातात दुखलं तर मात्र लगेच या, थांबू नका.”

“थांबत न्हाई,” सखूबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. किती दिवस ती ही काळजी वागवत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. परतीच्या एसटीत तिला खिडकीशी जागा मिळाली आणि ती आळेफाट्याच्या अलीकडेपर्यंत गाढ झोपली.

घरी अंगणात तिचा दीर, झुंबरबाईचा नवरा धर्माजी टोमॅटोची कॅरेट लावत होता. तिला पाहताच हातातलं टाकून पुढे आला.

“काय म्हनलं डाक्टर, वयनी?”

“काय बी न्हाई. वयाचं हाये म्हनलं. मशीनवर बघितलं, दोन डाव बघितलं. काळीज ठणठणीत!”

धर्माजी मटकन ओट्यावर बसला. मग हसायलाच लागला. “लई घोर लागला व्हता, वयनी. मग उद्या तोड्याला यायला हरकत न्हाई?”

“कशाची हरकत?”

सखूबाई आत गेली. झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम होता, उजव्या हाताने ती डावा दंड चोळत होती.

“आक्का, माझं काळीज कसं हाये म्हनलं?”

“झ्याक! ऊठ आता, कॅरेट उचलू लाग,” सखूबाईने गोळ्यांची पुडी तिच्या मांडीवर टाकली. “तुला लाज वाटती म्हनून तुझ्या जागी मीच झोपले की मशीनवर.”